कारणाचा रकाना: कामाच्या जागी व्हिज्युअल मॅनेजमेंट बोर्ड कसा सुरू करावा

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण किंवा रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांत शिरताच एक मोठा, रंगीत, छापील बोर्ड दिसतो. त्यावर कंपनीचे धोरण असते, मागच्या तिमाहीचे आलेख असतात, कोपऱ्यात महिन्याच्या उत्कृष्ट कामगाराचे छायाचित्र असते, आणि आलेखावरची शेवटची नोंद बहुधा मागचे ऑडिट झाले त्या आठवड्यातली असते. हा लेख त्या बोर्डाविषयी नाही. काम करणारा माणूस ज्यावर स्वतःच्या हाताने दर तासाला किंवा दर दिवसाला नोंद करतो आणि ज्याच्याकडे पाहून काम ठरल्याप्रमाणे चालले आहे की नाही, आणि नसेल तर कोणाला हाक मारायची, हे काही सेकंदांत कळते, अशा साध्या फळ्याविषयी, म्हणजेच व्हिज्युअल मॅनेजमेंट बोर्डाविषयी, तो आहे. लहान कारखान्याचा सुपरवायझर, एखाद्या विभागाची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेला अभियंता किंवा सात-आठ जणांचे कार्यालय चालवणारा सल्लागार यांच्यापैकी कोणीही तो मोठ्या खर्चाशिवाय सुरू करू शकतो.

या पद्धतीचे मूळ टोयोटाच्या कारखान्यांत आहे. १९२४ साली टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी असा स्वयंचलित माग सिद्ध केला, की धागा तुटताच तो आपोआप थांबत असे आणि सदोष कापड पुढे विणले जात नसे. गडबड झाली की ती ताबडतोब सर्वांना दिसली पाहिजे, हा विचार पुढे टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत मोटारींच्या निर्मितीत सर्वत्र रुजवला. लाइनवरचा दिवा म्हणजे अँडॉन आणि मालाची मागणी कळवणारे कानबान कार्ड ही त्याचीच रूपे आहेत. इतिहास नवख्या माणसाला यापेक्षा जास्त लागत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की या साधनांचा जन्म कामात आलेली अडचण उघडी पाडण्यासाठी झाला. पाहुण्यांना कारखान्याची प्रगती दाखवणे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता.

आधी एक जागा आणि एक प्रश्न निवडा

संपूर्ण कारखान्यात एकाच दिवशी फळे लावण्याचा उत्साह आवरावा. एक मशीन, एक लाइन किंवा एक टेबल निवडावे, आणि त्या जागेबद्दल रोज तोंडी विचारला जाणारा प्रश्न शोधावा. ‘आजचा माल वेळेत निघेल का’ हा असा प्रश्न आहे. ‘आपली उत्पादकता कशी वाढेल’ हा नाही, कारण त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. निवड करताना सर्वांत बिघडलेली जागा घेऊ नये, कारण तिथे माणसे आधीच वैतागलेली असतात आणि फळा म्हणजे आणखी एक चौकशी असे त्यांना वाटते. जिथे अडचण खरी आहे, पण सुपरवायझर आणि ऑपरेटर यांचे आपसांत बरे आहे, अशी जागा चांगली.

उदाहरणासाठी सीएनसी टर्निंगची, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातूचे भाग कातणारी, एक मशीन घेऊ. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३:३० अशी, म्हणजे ५१० मिनिटांची आहे. त्यातून जेवणाची ३० मिनिटे आणि चहाच्या दोन सुट्ट्यांची २० मिनिटे वजा केली की ४६० मिनिटे उरतात. ग्राहकाला त्या पाळीतून २३० नग हवे असतील, तर दर २ मिनिटांना एक नग निघाला पाहिजे. हा झाला टॅक्ट टाइम, आणि तो मशीनच्या क्षमतेवरून नव्हे, तर ग्राहकाच्या मागणीवरून काढायचा असतो. मशीनचा प्रत्यक्ष सायकल टाइम, म्हणजे एक नग करायला तिला लागणारा वेळ, याहून कमी नसेल, तर फळा लावून काही होणार नाही. आधी नियोजनच बदलावे लागेल.

आता हे २३० नग तासांत वाटायचे. इथे बरेच जण २३० ला साडेआठाने भागून प्रत्येक तासासमोर २७ लिहितात, आणि मग जेवणाच्या तासात कारण नसताना लाल खूण येते. तसे करू नये. सलग कामाच्या तासाला ३०, चहाची सुट्टी येते त्या तासाला २५, जेवणाच्या तासाला १५ आणि शेवटच्या अर्ध्या तासाला १५ असे धरले की पाच तासांचे १५०, चहाच्या दोन तासांचे ५० आणि उरलेले ३० मिळून बेरीज बरोबर २३० होते. आकडा न्याय्य आहे हे ऑपरेटरला पटले नाही, तर पुढची प्रत्येक नोंद तो नाइलाजाने करील.

फळ्यावर यासाठी सहा रकाने पुरतात: वेळ, ठरलेले नग, झालेले नग, एकूण फरक, कारण आणि कोणाला कळवले. एखादी ओळ अशी दिसेल:

७ ते ८ | ३० | २२ | उणे ८ | पहिल्या नगाच्या तपासणीसाठी थांबलो, १६ मिनिटे | क्वालिटी

कारणाचा रकाना

फळ्याचा जीव या पाचव्या रकान्यात आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि दुर्लक्षही सर्वांत जास्त त्याचेच होते. अनेक ठिकाणी आकडे नियमाने भरलेले असतात, आणि कारणासमोर ‘मशीन प्रॉब्लेम’, ‘मटेरियल नाही’, ‘ऑपरेटर नवीन’ असे तीन-चार ठरलेले शब्द फिरत असतात. या शब्दांवरून कोणालाही काही करता येत नाही. कारण लिहिताना काय थांबले आणि किती मिनिटे थांबले, या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत, असा नियम पहिल्या दिवसापासून करावा. ‘मशीन प्रॉब्लेम’ऐवजी ‘बार फीडर अडकला, १२ मिनिटे’ (बार फीडर म्हणजे मशीनमध्ये सळई सरकवणारे यंत्र). ‘मटेरियल नाही’ऐवजी ‘स्टोअरमधून बार कापून आला नाही, २५ मिनिटे’. माणसाचे नाव कारणात लिहू नये. नाव लिहिले की पुढच्या आठवड्यापासून सगळी कारणे मशीनच्या अंगावर ढकलली जातात.

मिनिटे लिहिण्याचा फायदा दोन आठवड्यांनी दिसतो. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी काढाव्यात (फळा पुसण्यापूर्वी रोज मोबाइलने छायाचित्र काढून ठेवले तरी चालते), प्रत्येक कारणासमोरची मिनिटे मिळवावीत आणि मोठ्याकडून लहानाकडे उतरती यादी करावी. वर दिलेली ७ ते ८ ची ओळ त्यात वारंवार आली आहे, असे समजू. पहिल्या तासात नग कमी पडतात, हे तर सर्वांना माहीत असते, आणि त्याचा अर्थ ‘माणसे उशिरा येतात’ असा वर्षानुवर्षे लावलेला असतो. मिनिटांची बेरीज वेगळेच सांगते: विभागातल्या सहाही मशीन सातला एकदम सुरू होतात, प्रत्येकीचा पहिला नग तपासून मंजूर झाल्याशिवाय उत्पादन सुरू करता येत नाही, आणि तपासणारा निरीक्षक एकच असतो. सहाव्या मशीनचा ऑपरेटर पावणेसातला हजर असला, तरी त्याचा नंबर लागेपर्यंत सव्वासात वाजून जातात. यावर उपाय अनेक आहेत. पार्ट बदललेला नसेल तिथे ऑपरेटरने स्वतः गो-नो-गो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या साधनाने) तपासून नोंद करावी आणि निरीक्षकाने आधी सेटिंग बदललेल्या मशीनकडे जावे, हा त्यातला बिनखर्चाचा. मात्र ग्राहकाच्या कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे तपासणी कोणी आणि कशी करायची हे ठरवणाऱ्या कागदात, त्याला मुभा आहे ना, हे क्वालिटी विभागाकडून आधी पाहून घ्यावे.

फळा तयार करणे

यात फार अडकू नये. चार बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड, तीन रंगांचे मार्कर, डस्टर आणि वीस-पंचवीस लोहचुंबक एवढे सामान लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातील स्टेशनरीच्या दुकानांत आणि बोहरी आळीत मिळून ते एका फेरीत होते. रकान्यांच्या रेघा मार्करने मारल्या तर आठवड्यात पुसल्या जातात, म्हणून त्यासाठी बारीक काळी चिकटपट्टी वापरावी. चुकून पक्क्या शाईचा मार्कर चालला, तर त्याच रेघेवरून पांढऱ्या बोर्डाचा मार्कर फिरवून लगेच पुसावे. बहुतेक वेळा डाग निघतो. नमुना तीन-चार आठवडे स्थिरावल्यानंतरच सनबोर्डवर (फोमच्या कडक पत्र्यावर) छापून घ्यावा. छापील फळा पहिल्याच दिवशी आला की तो बदलायला कोणी धजत नाही, कारण पैसे गेलेले असतात.

जागा मशीनपासून पाच-सात पावलांवर असावी, पण कूलंटचे (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तुषार उडतात तिथे नसावी, कारण तेलकट झालेल्या बोर्डावर मार्कर उमटत नाही. फळ्यासमोर आठ माणसे उभी राहिली तरी फोर्कलिफ्टची आणि ट्रॉलीची वाट अडता कामा नये. दहा फुटांवरून वाचता यावे म्हणून आकडे निदान एक इंच उंचीचे असावेत. भाषा मराठी किंवा हिंदी, जी त्या पाळीतल्या सर्वांना वाचता येते ती ठेवावी. लिपी एकच असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली तरी बिघडत नाही.

रंगांबाबत एक सूचना. ठरल्याप्रमाणे असेल तर हिरवा आणि नसेल तर लाल एवढे दोनच रंग ठेवावेत. पिवळा आला की सगळे पिवळ्यात आश्रय घेतात. काही पुरुषांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही आणि ते स्वतःहून सांगतही नाहीत, म्हणून हिरव्यासाठी गोल आणि लालसाठी फुली असा आकाराचाही भेद ठेवावा.

एका मशीनचा फळा रुळल्यावर विभागाचा फळा करता येतो. त्यावर साधारणपणे सुरक्षा, गुणवत्ता, डिलिव्हरी, खर्च आणि मनुष्यबळ असे पाच विषय घेतले जातात. सुरक्षेसाठी अधिक चिन्हाच्या आकारात महिन्याचे ३१ चौकोन आखलेला ‘हिरवा क्रॉस’ वापरतात आणि रोज एक चौकोन रंगवतात. पिवळ्याला मी इथेच तेवढी जागा देतो: दुखापत झाली नाही, पण थोडक्यात वाचलो, अशा प्रसंगासाठी. संपूर्ण महिना हिरवागार दिसला, तर आनंद मानण्याआधी थोडक्यात वाचल्याचे प्रसंग लोक सांगतात की लपवतात, हे पाहावे. उरलेल्या चार विषयांसाठी प्रत्येकी एकच मोजमाप निवडावे. खर्चाचा आकडा रुपयांत देण्याऐवजी लाइनवरच्या माणसाच्या हातात असलेली गोष्ट, उदाहरणार्थ वापरलेले इन्सर्ट (कातण्याच्या हत्याराची बदलती पाती) किंवा भंगारात गेलेले नग, मोजणे चांगले.

फळ्यासमोरची दहा मिनिटे

फळा लावणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यासमोर रोज उभे राहणे हेच खरे काम. पाळी सुरू झाल्यावर ठरावीक वेळी, समजा ७:१० ला, सर्वांनी फळ्यासमोर उभ्यानेच जमावे आणि दहा मिनिटांत पांगावे. विषयांचा क्रम रोज तोच असावा, सुरक्षा पहिली. ज्या नोंदी हिरव्या आहेत त्यांवर बोलू नये. लाल नोंद ज्याने केली त्याने आधी बोलावे, सुपरवायझरने नंतर. व्यवस्थापकाला या बैठकीत फार तर दोन प्रश्न विचारण्याची मुभा असावी, असे मी म्हणेन: नेमके काय झाले आणि आमच्याकडून काय हवे.

प्रश्नाचा सूर महत्त्वाचा आहे. ‘काल दोनच्या तासाला बारा नग कमी का?’ असे विचारले की ऑपरेटर बचाव सुरू करतो. ‘दादा, काल दोनला बार फीडर परत अडकला म्हणताय, मेंटेनन्सवाले येऊन गेले का?’ असे विचारले की माहिती मिळते. पहिल्या महिन्यात जो कोणी प्रामाणिकपणे लाल फुली मारतो, त्याला सर्वांसमोर बोलणी बसली, तर तो फळा त्या दिवसापासून हिरवा होतो आणि निरुपयोगीही. त्याच कारणासाठी फळ्यावरचे आकडे बोनसला, वेतनवाढीला किंवा मेमोला जोडू नयेत. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण उद्या गेटवर अडवले जाण्याची भीती त्यांना कायम असते.

दहा मिनिटांत प्रश्न सोडवायचे नसतात; ते कोणाकडे जाणार एवढेच ठरवायचे असते. त्यासाठी फळ्याच्या उजव्या बाजूला कामांची यादी ठेवावी: काय करायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोणी’ या रकान्यात विभागाचे नाव लिहिणे म्हणजे कोणाचेच न लिहिणे, म्हणून तिथे एका व्यक्तीचे नाव हवे, आणि शक्यतो ती व्यक्ती त्या वेळी समोर उभी असावी. उघडी कामे सातपेक्षा जास्त होऊ देऊ नयेत. आठवे लिहायचे असेल, तर आधी एक संपवावे किंवा सोडून दिल्याचे उघडपणे जाहीर करावे. तारीख हुकली तर जुनी पुसू नये. तिच्यावर काट मारून शेजारी नवी लिहावी. तीन काटलेल्या तारखा दिसल्या की ते काम त्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे कोणी न बोलता कळते, आणि ते वरच्या पातळीवर न्यावे लागते.

वर नेण्याची वाटही ठरलेली हवी. लाइनची बैठक ७:१० ला, विभागप्रमुखांची ९ ला आणि कारखान्याच्या प्रमुखांची १० ला असेल, तर सकाळी सातला दिसलेली अडचण दहापर्यंत निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचते. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या ७:१० च्या बैठकीत परत आले पाहिजे, मग ते ‘सध्या जमणार नाही, पुढच्या महिन्यात बघू’ असे का असेना. उत्तर न येणे हे नकारापेक्षा वाईट असते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातल्या ज्या कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, त्यांनी आठवड्याचा आढावा बुधवारी दुपारी उरकावा. शुक्रवारी सकाळी मशीन सुरू करण्याच्या धांदलीत तो कधीच नीट होत नाही.

सगळ्याच फुल्या सारख्या नसतात

काही दिवसांनी रोजच्या चढउतारावर धावपळ करण्याची सवय लागते. काल ४ नग रिजेक्ट, आज ७, लगेच बैठक. उद्या ३, लगेच शाबासकी. कोणत्याही कामात थोडाफार चढउतार स्वाभाविकच असतो. तो कुठे संपतो आणि खास कारणाने झालेला बिघाड कुठे सुरू होतो, हे ओळखण्यासाठी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेख मांडला. त्याचे गणित शिकेपर्यंत एक साधी युक्ती पुरते: रोजचा आकडा ठिपक्याने आलेखावर मांडावा, पहिल्या वीस-पंचवीस दिवसांच्या सरासरीची मध्यरेषा ओढावी, आणि सलग आठ ठिपके रेषेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरोखर बदलले आहे, असे समजावे. एखादाच ठिपका फार दूर उडाला, तर त्या दिवसाचे कारण वाचावे. बाकीच्या वेळी ऑपरेटरला शांतपणे काम करू द्यावे. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकून डिस्पॅचची गाडी एकदा उशिरा पोहोचली, तर ती एक घटना असते. दर सोमवारी पोहोचत असेल, तर गाडी सुटण्याची वेळच बदलावी लागते.

कार्यालयातला फळा

कार्यालयात नग मोजता येत नाहीत, म्हणून फळ्याचे रूप बदलते. पेठेतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या ग्राहकांचे जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) २० तारखेपर्यंत दाखल करायचे असते. भिंतीवर पाच उभे रकाने आखावेत: कागद येणे बाकी, नोंदी चालू, तपासणी, ग्राहकाची संमती, दाखल. प्रत्येक ग्राहकासाठी एक कार्ड करावे आणि काम पुढे सरकेल तसे ते सरकवावे. कार्ड ज्या दिवशी एखाद्या रकान्यात आले, ती तारीख त्याच्या कोपऱ्यात लिहावी. आठ तारखेला फळ्याकडे पाहिले की बहुतेक कार्डे पहिल्या रकान्यात साचलेली दिसतात, आणि कर्मचारी संथ आहेत हा समज गळून पडतो: आलेली नसतात ती ग्राहकांची खरेदी बिले. मग उपायही तिथेच शोधावा लागतो. कोणत्या ग्राहकाला एक तारखेला फोन करायचा, याची यादी मागच्या महिन्याच्या कार्डांवरच्या तारखांवरून आपोआप तयार होते.

मधल्या रकान्यांना मर्यादा घालणे ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. रोज सरासरी ३ विवरणपत्रे पूर्ण होत असतील आणि २४ एकाच वेळी अर्धवट असतील, तर प्रत्येकाला सरासरी ८ दिवस लागणार. अर्धवट कामे १२ वर आणली आणि रोजचा वेग तोच राहिला, तर ४ दिवस. म्हणून ‘तपासणी’त पाचपेक्षा जास्त कार्डे झाली, की नोंदी करणाऱ्याने नवे कार्ड उचलण्याऐवजी तपासणीला हात लावावा. सुरुवातीला हा नियम लोकांना चमत्कारिक वाटतो, कारण रिकामे बसणे हा कार्यालयात गुन्हा समजला जातो. ग्राहकाचे नाव आणि व्यवहार बाहेरच्यांना दिसू नयेत, यासाठी कार्डावर केवळ क्रमांक लिहावा.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हेच रकाने संगणकाच्या पडद्यावर असतात आणि माणसे वेगवेगळ्या शहरांतून काम करत असतील, तर दुसरा मार्गही नसतो. एकाच खोलीत बसणाऱ्यांनी मात्र भिंतीपासून सुरुवात करावी. पडदा बंद असतो किंवा त्यावर दुसरेच काही उघडलेले असते. भिंतीवरचे कार्ड येता-जाता नजरेला पडते, आणि ते उचलून पुढच्या रकान्यात लावताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलावीच लागतात.

तीन महिन्यांनंतर

फळ्यावर हळूहळू गर्दी होऊ लागते. कोणी वाढदिवसांची यादी लावतो, कोणी परिपत्रक, कोणी जुन्या मोहिमेचे पोस्टर. दर महिन्याला एकदा सर्वांनी मिळून प्रत्येक कागदाबद्दल विचारावे: गेल्या चार आठवड्यांत यावरून एखादा निर्णय झाला का? झाला नसेल तर तो काढावा. सलग तीन महिने हिरव्या राहिलेल्या मोजमापाचे लक्ष्य तरी कडक करावे किंवा त्याची जागा दुसऱ्या अडचणीला द्यावी. पहिल्या तासाचे नग भरून निघू लागले असतील, तर ताशी नोंद बंद करून दर दोन तासांची करायला हरकत नाही. मात्र हा बदल ऑपरेटरला विचारून करावा आणि फळ्याच्या कोपऱ्यात बदलाची तारीख लिहावी, म्हणजे रात्रपाळीच्या सुपरवायझरला नवा नमुना कधीपासून लागू आहे, हे फोन न करता समजेल.